टेस्ट सक्तीची नको, सांगणं सक्तीचं करा

मागच्या महिन्यात मी वहिनीला म्हटलं की तुझी जीबीएसची टेस्ट करून घे, तर ती म्हणाली, अहो ताई, आपल्याकडे आरओ आहे की. तिची काही चूक नाही. पुण्यात जीबीएस म्हटलं की 2025 चा जानेवारी आठवतो, सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, दूषित पाणी आणि हातपाय लुळे पडलेले पेशंट. ते जीबीएस म्हणजे गियाँ बारे सिंड्रोम. मी म्हणतेय ते ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस, म्हणजे एक बॅक्टेरिया, त्याचा आणि त्या आजाराचा काडीचा संबंध नाही, फक्त नावाची अक्षरं तीच. पण गंमत बघा, पाण्याचं जीबीएस पंधरा दिवसांत रिक्षावाल्यापर्यंत पोहोचलं आणि हे दुसरं, जे नवजात बाळांना मारतं, ते सातव्या महिन्यातल्या शिकलेल्या बाईला पण माहीत नाही. मला तरी कुठे माहीत होतं.

सहा वर्षांपूर्वी मी आणि माझी मावसबहीण एकाच वेळी गरोदर होतो, ती न्यूजर्सीत, मी पुण्यात, दोघींच्या तारखांमध्ये जेमतेम पाच-सहा आठवड्यांचं अंतर. एक दिवस ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, अगं माझा जीबीएस पॉझिटिव्ह आला, लेबर सुरू झालं की लगेच ये म्हणालेत, पेनिसिलिनची ड्रिप लावणार. मी घाबरलेच, तीच मला म्हणाली, अगं चिल, इथे चार-पाच बायकांत एकीचा येतो, तुझा काय आला? मी म्हटलं माझी झालीच नाहीये. पुढच्या व्हिजिटला मॅडमना विचारलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ते तिकडे असतं, आपल्याकडे नसतं, गूगल करू नका जास्त. विषय संपला. दोघींची बाळं छान झाली, म्हणजे इथे कुठलीही रडकथा नाहीये. पण "आपल्याकडे नसतं" हे वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच.

तर आधी हे आहे काय ते सांगते. हा बॅक्टेरिया बऱ्याच धडधाकट माणसांच्या आतड्यात राहतो, बायकांच्या बाबतीत योनीमार्गात पण असतो, येतो जातो, काही त्रास देत नाही. हा बाहेरख्यालीपणाचा रोग नाही, अस्वच्छतेचा नाही, नवऱ्याला औषध द्यायची गरज नाही. जगात साधारण 18 टक्के गरोदर बायकांमध्ये तो सापडतो. अशा आईचं बाळ जन्माला येताना निम्म्या वेळा तरी त्याच्या अंगावर हा बॅक्टेरिया येतो, आणि काहीच केलं नाही तर आईत तो असलेल्या दर शंभर बाळंतपणांमागे एखादं बाळ खरोखर आजारी पडतं, रक्तात इन्फेक्शन, न्यूमोनिया, कधी मेंदूच्या आवरणाला सूज. आकडा छोटा वाटतो ना? पण जे आजारी पडतं ते तासांत पडतं. पहिल्या 24 तासांतच बहुतेक केसेस दिसतात, बाळ कण्हतं, दूध ओढत नाही, अंग गार पडतं, आणि घरचे म्हणतात थकलंय, झोपू दे. जागतिक आरोग्य संघटना आणि लंडनच्या स्कूल ऑफ हायजीनने 2021 मध्ये जो हिशोब मांडला त्यात जगभरात दरवर्षी जवळपास 1 लाख बाळांचे मृत्यू आणि 46 हजार मृतजन्म याच एका बॅक्टेरियाच्या खात्यावर टाकलेत.

अमेरिकेने यावर काय केलं ते खरंच बघण्यासारखं आहे. 1970 च्या दशकात तिथे हा नवजात बाळांच्या सेप्सिसचा, म्हणजे रक्तातून अंगभर पसरणाऱ्या इन्फेक्शनचा, नंबर एकचा खलनायक होता, लागण झालेल्या बाळांपैकी निम्मी दगावायची. 1986 मध्ये शिकागोत एक छोटीशी ट्रायल झाली, पॉझिटिव्ह आणि जास्त धोका असलेल्या बायकांना लेबर चालू असताना शिरेतून अँपिसिलिन दिलं, आणि या एवढ्या साध्या गोष्टीने बाळाच्या रक्तातलं इन्फेक्शन टळतं हे दिसलं. तिथून सरकारी गाइडलाइन यायला दहा वर्षं गेली, 1996. तेव्हा पण म्हणाले सगळ्यांची टेस्ट करा किंवा फक्त धोका असलेल्यांना औषध द्या, दोन्ही चालेल. 2002 मध्ये तुलना करून कळलं की सगळ्यांची टेस्ट करणं दुसऱ्या पद्धतीपेक्षा बरंच सरस आहे, मग सगळ्यांची सुरू केली. पहिल्या आठवड्यात होणारा हा आजार तिथे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हजार जन्मांमागे 1.8 च्या आसपास होता तो आता पाव टक्का नाही, हजारी पाव एवढा उरलाय. आत्ता 36 ते 37 आठवड्यांत टेस्ट होते, योनीच्या तोंडाशी आणि गुदद्वारात एकच स्वॅब फिरवायचा, बाई स्वतः पण घेऊ शकते, दोन मिनिटांचं काम.

हे वाचून कोणीही म्हणेल की मग आपल्याकडे पण उद्यापासून कंपल्सरी करा. मी पण काही वर्षं हेच म्हणत होते, भांडत होते फॅमिली ग्रुपवर. आता तसं म्हणत नाही.

याचं एक कारण ब्रिटन. तिकडे दवाखाने आहेत, पैसे आहेत, नर्स आहेत, तरी त्यांची राष्ट्रीय स्क्रीनिंग कमिटी सगळ्यांच्या टेस्टला वर्षानुवर्षं नाही म्हणतेय. म्हणणं असं की 36 व्या आठवड्यात पॉझिटिव्ह असलेली बाई बाळंतपणापर्यंत निगेटिव्ह होऊ शकते आणि उलटंही, आणि एका बाळाला वाचवायला शेकडो बायकांना अँटिबायोटिक टोचावं लागतं. ज्यांची बाळं गेली ते आईबाप 1996 पासून तिथे संस्था काढून याच्या विरोधात लढतायत, आणि त्यांचंही चूक नाही कारण तिथल्या आजारी बाळांपैकी निम्म्याहून जास्त बाळांच्या आयांना एकही रिस्क फॅक्टर नव्हता, म्हणजे फक्त धोका बघून औषध दिलं तर ती बाळं निसटतातच. शेवटी नॉटिंगहॅम विद्यापीठाने 80 हॉस्पिटलं आणि 3 लाख 20 हजार बायका एवढं टार्गेट ठेवून ट्रायल काढली, की बाबा एकदाचं मोजूनच बघू. मला ही गोष्ट आवडली. भांडण होतं, मोजायला बसले.

आपल्याकडे मोजलंय का? थोडं मोजलंय, आणि जे दिसलं ते गैरसोयीचं आहे, दोन्ही बाजूंना. दिल्लीतल्या तीन मोठ्या हॉस्पिटलांमध्ये 2011 ते 2014 मध्ये नवजात बाळांच्या सेप्सिसचा मोठा अभ्यास झाला, त्यात सगळ्यात जास्त सापडले ते असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, ई कोलाय. ग्रुप बी स्ट्रेप अगदी नावाला. आणि ते वरचे तीन कसे, तर भारी भारी अँटिबायोटिकना न जुमानणारे. म्हणजे जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच बाळाला जे लागतंय ते आईकडून कमी आणि लेबर रूममधून, हातातून, सक्शनच्या नळीतून, वॉर्मरवरून जास्त येतंय अशी शंका घ्यायला पूर्ण जागा आहे. तिथे पेनिसिलिनची ड्रिप काय करणार? तिथे साबण पाहिजे आणि एका नर्सवर किती बाळंतपणं टाकायची याला मर्यादा पाहिजे. ज्या वॉर्डात एका खाटेवर दोन बाळंतिणी झोपतात तिथे जाऊन मी स्वॅबचं प्रवचन देऊ लागले तर ती सिस्टर मला बाहेर काढेल आणि बरोबर करेल.

पण. "आपल्याकडे नसतं" हे पण तेवढंच खोटं आहे. भारतातले अभ्यास काढून बघितले तर गरोदर बायकांमध्ये हा बॅक्टेरिया कुठे 2-3 टक्के मिळतो, कुठे 15-20 टक्के. एवढी तफावत देशात नाही, पद्धतीत आहे. नुसता योनीतला स्वॅब घेतला आणि साध्या प्लेटवर लावला तर बरेच पॉझिटिव्ह हुकतात; गुदद्वारातला पण घ्यायला लागतो आणि आधी खास ब्रॉथमध्ये, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायच्या पातळ द्रवात, रात्रभर वाढवायला लागतो, तेव्हा तो दिसतो. सांगून बघा जवळच्या लॅबला, ब्रॉथ आहे का विचारा, काय चेहरा करतात बघा. बाळाच्या बाजूने पण तेच. जन्मल्यावर आठ तासांत गेलेल्या बाळाचं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात कुठला बॅक्टेरिया वाढतो ते बघायची तपासणी, कोण करतं? कागदावर "श्वास गुदमरून" नाहीतर "कमी दिवसांचं" लिहून होतं. आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बाई लेबरमध्ये आली की तिला टेस्ट नाही, काही नाही, एक अँटिबायोटिकचं इंजेक्शन ठोकून देतात, सवय म्हणून. मग कल्चरमध्ये उगवणार काय. शोधत नाही म्हणून सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून शोधत नाही, असं ते गोल गोल चाललंय.

आणि आता माझा मुख्य मुद्दा, जो अमेरिकन गाइडलाइनमध्ये सापडणार नाही कारण तिकडे माहेर नसतं.

आपली बाई सातव्यात डोहाळजेवण झालं आणि आठवा सरत आला की माहेरी जाते. पहिलं बाळंतपण तर हमखास. म्हणजे आठ महिने पुण्यात, ठाण्यात एका डॉक्टरकडे दाखवलं आणि बाळंतपण सांगलीत, लातूरमध्ये, चाळीसगावला. जाण्याचा आठवडा कुठला? 34, 35, 36. म्हणजे बरोब्बर ज्या आठवड्यात ही टेस्ट करायची तेव्हा बाई एसटीत नाहीतर कारमध्ये असते. पुण्याचे डॉक्टर म्हणतात आता तिकडचे बघतील, तिकडचे म्हणतात सगळं तिकडे झालं असेल. मी स्वतः सांगलीला गेले तेव्हा माझ्याकडे एवढी जाड फाईल होती, सोनोग्राफीचे सगळे फोटो, थायरॉईड, शुगर, सगळं. तिकडच्या डॉक्टरांनी पहिलं पान आणि शेवटचं पान बघितलं, वजन केलं, आणि फाईल परत दिली. लेबरमध्ये गेले त्या रात्री ती फाईल घरीच राहिली, आई डबा आणि दुपटी घेऊन आली, फाईल कपाटात. समजा माझी टेस्ट झाली असती आणि पॉझिटिव्ह आली असती, तर तो रिपोर्ट त्या रात्री कपाटात होता.

या टेस्टची खरी मेख इथेच आहे. शुगरची टेस्ट केली तर शुगर कळते आणि पथ्य लगेच सुरू करता येतं. ही टेस्ट केली की त्या दिवशी काहीच करायचं नसतं. काही ठिकाणी रिपोर्ट बघून आठ दिवसांच्या गोळ्या देतात, त्याचा उपयोग नाही, गोळ्या संपल्या की बॅक्टेरिया परत येतो. लघवीत सापडला तर ती गोष्ट वेगळी, तिथे लघवीच्या इन्फेक्शनचे उपचार होतात आणि शिवाय लेबरमध्ये ड्रिप पण लागते. एरवी रिपोर्ट उपयोगी पडतो तो तीन-चार आठवड्यांनी, कुठल्या तरी रात्री दोन वाजता, तोही ड्युटीवरच्या माणसाला कळला तर, आणि बाळ यायच्या आधी शक्यतो चार तास तरी औषध चालू झालं तर. पेनिसिलिन 50 लाख युनिट आधी, मग दर चार तासांनी 25-30 लाख, बाळ होईपर्यंत. दुसरं-तिसरं बाळंतपण असलेली बाई कळा वाढल्यावर घरातून निघते, वाटेत रस्ता खराब, तिला चार तास मिळणार कुठून. स्वॅब हा या सगळ्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. म्हणून मी म्हणते की कायदा करून उद्या सगळ्यांची टेस्ट सक्तीची केली तर लॅबवाल्यांची चांदी होईल, फाईल अजून जाड होईल आणि बाळाला फरक पडेलच असं नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात 95 टक्क्यांच्या आसपास बाळंतपणं दवाखान्यात होतात, ही केवढी मोठी कमाई आहे, पण दवाखान्यात होणं आणि कागदासकट होणं यात अजून फरक आहे.

मग सक्ती कशाची करायची? सांगण्याची. प्रत्येक गरोदर बाईला, सरकारी असो की खाजगी, तिसाव्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे माहेरी निघायच्या आधी, एवढं सांगायचं की असा एक बॅक्टेरिया असतो, त्याची टेस्ट असते, 36 व्या आठवड्यात तू जिथे असशील तिथे करून घेऊ शकतेस, नको असेल तर नको, पण खालीलपैकी काही झालं तर टेस्ट असो नसो, लेबर रूममध्ये पोहोचल्या पोहोचल्या सांग: आधीच्या बाळाला हे इन्फेक्शन झालं होतं, याच गरोदरपणात लघवीत हा सापडला होता, दिवस भरायच्या आधीच कळा आल्या, पाणी जाऊन 18 तास झाले, ताप आला. यासाठी लॅब लागत नाही, ब्रॉथ लागत नाही. आणि औषध काय, साधं पेनिसिलिन नाहीतर अँपिसिलिन, ग्रामीण रुग्णालयात पण मिळतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ती पण आधी सांगायची म्हणजे रात्री धावपळ नको. आणि हे सगळं त्या माता बाल संरक्षण कार्डावर, जे प्रत्येकीकडे असतं आणि जे ती फाईलसारखं विसरत नाही कारण बाळाच्या लसीला तेच लागतं, त्यावर एक रकाना. एक. पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, केली नाही.

यावर डॉक्टर मंडळींचा पहिला आक्षेप मला पाठ आहे: बायका घाबरतात. घाबरतात, खरंय, मी पण घाबरले होते. पण डबल मार्करच्या, म्हणजे बाळात व्यंगाची शक्यता सांगणाऱ्या टेस्टच्या, रिपोर्टने घाबरत नाहीत का, नाळ वर आहे खाली आहे याने घाबरत नाहीत का? तिथे आपण टेस्ट बंद केली नाही, नीट सांगायला शिकलो. बाईला न सांगणं म्हणजे तिची काळजी घेणं, हे आपल्या दवाखान्यांमधलं जुनं दुखणं आहे आणि त्यात बऱ्याचदा काळजीपेक्षा वेळ वाचवणं असतं. ओपीडीत साठ बायका असतात, मान्य. मग डॉक्टरांनी नको, सिस्टरने सांगावं, आशाताईने सांगावं, दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असतेच, तिथे पाच मिनिटं.

दुसरा आक्षेप जास्त तगडा आहे, की टेस्ट कशाला, सगळ्यांनाच काहीतरी देऊन टाकू. याचं उत्तर आपल्याच नागपूरने आणि शेजारच्या बेळगावने दिलंय. सात देशांतल्या 29 हजारांवर बायकांना लेबरमध्ये अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा एकच डोस, 2 ग्रॅम, असा अभ्यास झाला, 2023 मध्ये छापून आला, त्यात ही दोन्ही ठिकाणं होती. आयांचं सेप्सिस आणि मृत्यू मिळून एक तृतीयांशाने कमी झाले, फार मोठी गोष्ट आहे ती. बाळांना मात्र काही फरक नाही. म्हणजे सरसकट गोळी हा बाळासाठीचा शॉर्टकट नाहीये, निदान ही गोळी तरी नाही.

आणि एक गोष्ट अमेरिका, टेस्ट, ड्रिप या सगळ्याच्या पलीकडची आहे. हाच बॅक्टेरिया बाळाला आठव्या दिवसापासून तीन महिन्यांपर्यंत कधीही गाठू शकतो, आणि त्या उशिराच्या आजारावर लेबरमधल्या ड्रिपचा काही परिणाम होत नाही. अमेरिकेत पण तो आकडा हललेला नाही. तिथे फक्त डोळे उघडे ठेवणं कामाचं. यात मात्र आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांमध्ये गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाचा श्वास कसा मोजायचा, दूध ओढत नाही म्हणजे काय, छाती आत ओढली जाते म्हणजे काय, आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन कधी द्यायचं. 1999 मध्ये ते लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आलं, नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी खाली. त्यावरूनच आज आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. निदान यावी असं आहे. शहरातल्या सोसायटीत ती येत नाही, लिफ्टपाशीच वॉचमन अडवतो, आणि आपण सव्वा महिना बाळ-बाळंतीण अंधाऱ्या खोलीत ठेवून म्हणतो दूध ओढत नाहीये, नजर लागली असेल, मीठ-मोहऱ्या उतरवा. उतरवा खुशाल, पण आधी श्वास मोजा, मिनिटाला 60 किंवा वर असेल तर गाडी काढा.

लस येईल म्हणतात. आईला गरोदरपणात द्यायची, अँटिबॉडी नाळेतून बाळात जातात. दक्षिण आफ्रिकेत या बॅक्टेरियाच्या सहा प्रकारांवरच्या एका लसीची ट्रायल झाली, 2023 मध्ये निकाल आले, चांगले होते. ती आली की माझे निम्मे मुद्दे बाद होतील, आणि लस माहेर-सासर बघत नाही, धनुर्वाताच्या इंजेक्शनसारखीच माहेरी निघायच्या आधी टोचून होऊ शकेल, उशिराच्या आजारावर पण चालायची शक्यता आहे. पण आपल्याकडे हा आजार किती आहे हे आपण मोजलंच नाही तर ती लस सरकारी यादीत घ्या असं कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून निदान राज्यातल्या मेडिकल कॉलेजांनी तरी दोन वर्षं नीट स्वॅब, नीट ब्रॉथ आणि प्रत्येक आजारी नवजात बाळाचं कल्चर एवढं करावं, यासाठी नवीन इमारत लागत नाही.

वहिनी येत्या शनिवारी लातूरला जातेय, 35 वा आठवडा चालू आहे. तिथल्या लॅबला तिने फोन केला तर ते म्हणाले स्वॅब घेऊन या, बघू. तिथल्या डॉक्टरांनाही विचारलं, ते म्हणाले चांगलं विचारलंत, आलात की बोलू. मी तिच्या कार्डाच्या वरच्या कव्हरवर लाल पेनाने जीबीएस लिहून पुढे जागा सोडलीय, खाली लिहिलंय पेनिसिलिनची ॲलर्जी नाही. आईला, म्हणजे तिच्या आईला, फोनवर सांगितलंय की रात्री निघालात तर डबा राहिला तरी चालेल.